नव्याण्णव माणसं, गोल टेबलं आणि तेरा प्रश्न

२०१६ साली आयर्लंडच्या संसदेने एक ठराव केला आणि अनेकांना ती सरळसरळ पळवाट वाटली. तेहतीस वर्षं ज्या प्रश्नाने तिथल्या राजकारणाला चटके दिले होते, तो गर्भपाताचा प्रश्न नव्याण्णव अनोळखी नागरिकांपुढे ठेवायचा, त्यांनी तो नीट समजून घ्यायचा आणि काय करावं ते संसदेला सांगायचं. सरकारने चेंडू टोलवला, अशी टीका झाली. टीका करणाऱ्यांचं फार चुकत होतं असंही नाही. समित्या नेमून प्रश्न थंड करण्याची कला कुठल्याच देशाच्या सरकारला शिकवावी लागत नाही.

पण या वेळी प्रश्न थंड झाला नाही, सुटला. आणि तो ज्या पद्धतीने सुटला त्यात सभा, परिषदा, शिबिरं, परिसंवाद भरवणाऱ्यांनी बारकाईने बघावं असं बरंच आहे. गर्भपात योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. विषय इतका पेटता होता की कुणाच्या एका वाक्याने सभा उधळली असती. ती उधळली नाही, आणि त्याचं कारण शोधायचं तर भाषणं बाजूला ठेवून बैठकव्यवस्था, वेळापत्रक आणि मतपत्रिका वाचाव्या लागतात.

विषयाचं ओझं

सप्टेंबर १९८३ मध्ये सार्वमत घेऊन आयर्लंडने आपल्या राज्यघटनेत आठवी दुरुस्ती केली. आई आणि पोटातलं मूल या दोघांचा जगण्याचा हक्क समान आहे, असं तिने घटनेत लिहिलं. ६६.९ टक्के लोकांनी बाजूने मत दिलं. त्यानंतर गर्भपात करून घ्यायचा तर इंग्लंडची वाट धरायची, हाच रिवाज पडला. १९९२ मध्ये त्यासाठी परदेशी जाण्याची मुभा घटनेत घालावी लागली. २००२ मध्ये बंधन आणखी कडक करण्याचा प्रस्ताव जेमतेम एका टक्क्याच्या फरकाने पडला. देश दुभंगलेला होता, आणि कुठल्याही मोठ्या पक्षाला या विषयात हात घालायचा नव्हता.

मग २०१२ चा ऑक्टोबर आला. मूळची बेळगावची, आयर्लंडमध्ये दंतवैद्यक असलेली सविता हलप्पनवार सतरा आठवड्यांची गरोदर असताना गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं होतं. तिने गर्भपाताची मागणी केली, पण गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू असल्याने ती नाकारली गेली. संसर्ग रक्तात पसरून २८ ऑक्टोबरला ती गेली, तेव्हा ती ३१ वर्षांची होती. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही ही बातमी तेव्हा ठळक होती. डब्लिनच्या रस्त्यांवर तिचे फोटो घेऊन लोक उतरले. दुसऱ्या वर्षी कायदा झाला, आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपाताला परवानगी मिळाली, पण त्याबाहेर चौदा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद कायम राहिली. २०१६ या एकाच वर्षात आयर्लंडचा पत्ता देणाऱ्या तीन हजारांहून अधिक बायकांनी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात करून घेतल्याची नोंद आहे.

नव्याण्णव जणांच्या त्या सभेपुढे, म्हणजे नागरिक सभेपुढे, आलेला विषय असा होता.

आधीची तालीम

नागरिक सभा काही एका रात्रीत सुचली नव्हती. २०११ मध्ये तिथल्या काही राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी, देणगीच्या पैशांवर, शंभरेक नागरिकांना शनिवार-रविवार डब्लिनमध्ये बसवून प्रयोग करून पाहिला होता. सामान्य माणसाला पुरेशी माहिती आणि वेळ दिला तर तो किचकट प्रश्नावर विचारपूर्वक बोलतो का, एवढंच त्यांना तपासायचं होतं. त्यातून २०१२ ते २०१४ या काळात घटना परिषद झाली. तिच्यात ६६ नागरिक, ३३ राजकारणी आणि एक अध्यक्ष होते. समलिंगी विवाहाची शिफारस तिने केली आणि २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के लोकांनी ती उचलून धरली.

२०१६ च्या सभेत मात्र राजकारण्यांना जागाच ठेवली नाही. नव्याण्णव नागरिक आणि अध्यक्ष म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश मेरी लॅफॉय, बस्स. माझ्या मते हा निर्णय या विषयापुरता अचूक होता. विवाहाच्या प्रश्नावर आमदार-खासदार मोकळेपणाने बोलू शकत होते. गर्भपातावर बोललेलं प्रत्येक वाक्य पुढच्या निवडणुकीत त्यांच्या अंगावर आलं असतं. ज्याला बोलल्याची किंमत मोजावी लागते तो सभेत बोलत नाही, पवित्रा घेतो. आपल्याकडे ‘सर्व घटकांना प्रतिनिधित्व’ देण्याच्या हौसेपायी ज्यांचं मत आधीच जाहीर आहे अशीच माणसं व्यासपीठावर बसतात आणि मग चर्चेत नवं काही निघालं नाही म्हणून आपण हळहळतो.

माणसं कशी आली

निवड चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी होती, पण आंधळी नव्हती. स्त्री-पुरुष, वय, प्रदेश, आर्थिक-सामाजिक वर्ग यांचं जनगणनेतलं प्रमाण सभेत उतरावं अशा बेताने एका मतचाचणी कंपनीच्या माणसांनी घरोघर जाऊन सदस्य मिळवले. गर्भपाताच्या बाजूने किंवा विरोधात चळवळीत काम करणाऱ्यांना वगळलं. त्यांना बोलायला वेगळी जागा ठेवली होती, तिच्याबद्दल पुढे येईलच. सदस्यांची नावं आणि त्यांचा जिल्हा एवढंच जाहीर केलं, पत्ते नाहीत.

मानधन नव्हतं. प्रवास, हॉटेल आणि जेवण सरकारकडे. महिन्याचा एक शनिवार-रविवार घर सोडून राहायचं, वाचायला कागदांचे गठ्ठे, आणि हे सगळं अशा विषयासाठी की शेजाऱ्याला सांगायचीही चोरी. पुष्कळ जण मध्येच गळाले आणि त्यांच्या जागी बदली सदस्य घ्यावे लागले. हातावर पोट असलेली, लहान मुलं असलेली माणसं अशा सभेतून आधी गळतात, हे ओळखायला संशोधन लागत नाही. या बाबतीत सभेची बांधणी कच्ची होती.

उद्घाटन १५ ऑक्टोबर २०१६ ला डब्लिन कॅसलमध्ये थाटामाटात झालं. काम मात्र शहराच्या उत्तरेला, मॅलाहाइड नावाच्या समुद्रकाठच्या उपनगरात, एका हॉटेलच्या दालनात चाललं. नोव्हेंबर ते एप्रिल असे पाच शनिवार-रविवार या एका प्रश्नाला मिळाले. गणित सोपं आहे: एका प्रश्नाला दहा दिवस. आपल्याकडच्या तीन दिवसांच्या अधिवेशनात पंधरा ठराव होतात, ते बहुधा शेवटच्या दिवशी जेवणाआधी, आणि टाळ्यांच्या गजरात.

टेबलाभोवती

दालनात व्यासपीठ होतं, पण खुर्च्यांच्या रांगा नव्हत्या. गोल टेबलं, प्रत्येकाभोवती सात-आठ सदस्य, सोबत एक संवादक आणि एक टिपणं घेणारा. संवादकाने स्वतःचं मत द्यायचं नाही. सगळ्यांना बोलायला मिळतंय ना, एकच जण टेबल अडवून बसला नाही ना, याकडे लक्ष ठेवायचं. त्याला तेच काम दिलेलं होतं आणि त्याचं प्रशिक्षण झालेलं होतं. आपल्याकडच्या गटचर्चांत गटप्रमुख नेमतात तो बहुतेक वेळा गटातला सर्वांत वडीलधारा किंवा सर्वांत बोलका असतो. तो मग आपलंच म्हणणं गटाचा अहवाल म्हणून वाचून दाखवतो.

एका सत्राची चाल अशी असे. एखादा तज्ज्ञ ठरलेल्या वेळेत मांडणी करी. तिचा कागद सदस्यांच्या हाती आधीच गेलेला असे. मांडणी संपल्यावर लगेच प्रश्नोत्तरं नाहीत. आधी टेबलावर, आपसांत बोलायचं: काय कळलं, काय नाही कळलं, काय पटलं नाही. हे बोलणं खासगी; कॅमेरे बंद. त्यातून निघालेले प्रश्न पक्के झाले की सभा पुन्हा जाहीर व्हायची, थेट प्रक्षेपण सुरू, आणि टेबलांकडून प्रश्न तज्ज्ञांकडे जायचे.

या साध्या अदलाबदलीत किती गोष्टी साधतात बघा. मोठ्या सभेत भाषण संपताच ‘प्रश्न असतील तर विचारा’ म्हटलं की हात वर करतो तो नेहमीचा यशस्वी माणूस. त्याचा प्रश्न बहुतेकदा प्रश्न नसतोच, छोटं भाषण असतं. ज्याला खरोखर काही कळलं नाही तो तीनशे लोकांसमोर तसं म्हणायला धजत नाही. सात जणांत मात्र तो म्हणतो, आणि मग लक्षात येतं की आणखी तिघांनाही ते कळलं नव्हतं. आता तो प्रश्न एकट्याचा उरत नाही, टेबलाचा होतो, आणि विचारायला कुणालाही चालतो. शिवाय कायदा आणि वैद्यक यांतला एखादा शब्द अडला तर तो टेबलावरच सुटायचा आणि जाहीर प्रश्नोत्तरांचा वेळ खऱ्या अडचणींसाठी उरायचा.

खासगी काय आणि जाहीर काय, ही वाटणीही विचार करून केलेली होती. तज्ज्ञ जे सांगतात ते देशाने ऐकावं, कारण त्यांना त्याची जबाबदारी घ्यायची आहे. सदस्य अजून विचार करतायत. त्यांचं अर्धंकच्चं वाक्य कुणी कापून फिरवलं तर पुढच्या वेळी ते बोलणार नाहीत. हल्ली पारदर्शकता म्हणून सगळंच थेट प्रक्षेपित करण्याकडे कल असतो. माणसाला मत बदलायचं असेल तर थोडा आडोसा लागतो.

आधी कोण, मग कोण

पाच बैठकींचा क्रम हा मला या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग वाटतो. सुरुवात कायद्याने झाली: घटनेत नेमकं काय लिहिलंय, न्यायालयांनी त्याचा काय अर्थ लावला, आजची स्थिती काय. पुढे वैद्यक: गर्भातली व्यंगं, डॉक्टरांना प्रत्यक्षात काय निर्णय घ्यावे लागतात. मग नीतिशास्त्र, आणि बलात्कारातून राहिलेल्या गर्भाचा प्रश्न. बाजूने आणि विरोधात काम करणाऱ्या संघटना कधी आल्या? चौथ्या बैठकीत, मार्च २०१७ मध्ये. सतरा संघटनांनी आपापली बाजू मांडली.

जे सगळ्यात मोठ्याने बोलतात, त्यांना सगळ्यात शेवटी बोलावलं. तोवर सदस्यांकडे कायदा होता, वैद्यकीय माहिती होती, आपसांत बोलण्याची सवय होती. मोर्च्यातली घोषणा आता त्यांच्या कानावर कोऱ्या पाटीवर उमटावी तशी उमटत नव्हती. ते तिला विचारू शकत होते की हे तुम्ही म्हणता, पण जानेवारीत डॉक्टर वेगळं सांगून गेले, त्याचं काय. हाच क्रम उलटा ठेवला असता, म्हणजे पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंची जोरदार भाषणं, तर नव्याण्णव जणांचे संध्याकाळच्या जेवणापर्यंत दोन तट पडले असते आणि उरलेले नऊ दिवस आपापला तट सांभाळण्यात गेले असते. सहकारी संस्थेच्या वादळी सभा पाहिलेल्या कुणालाही हे पटेल.

त्याच मार्चच्या बैठकीत सदस्यांनी सहा बायकांचे अनुभव ऐकले. या बायका समोर आल्या नाहीत. त्यांच्या मुलाखती आधी ध्वनिमुद्रित केल्या होत्या आणि दालनात फक्त आवाज ऐकवला. कुणी गर्भपात करून घेतला होता, कुणी करायचा नाही असं ठरवलं होतं. व्यासपीठावर पीडितेला उभं करून टाळ्या किंवा हुंदके मिळवण्याची आपल्याकडची रीत ज्यांना खटकते त्यांनी हे लक्षात ठेवावं. अनुभव सभेत यायलाच हवा होता, त्याशिवाय चर्चा कोरडी राहिली असती. पण त्यापायी त्या बाईचं प्रदर्शन होऊ दिलं नाही, आणि चेहरा दिसत नसल्याने सदस्यही तिच्याकडे बघत बसण्याऐवजी ऐकत राहिले.

जनतेकडून निवेदनं मागवली होती, ती तेरा हजारांहून अधिक आली. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं की तेरा हजार निवेदनं नव्याण्णव माणसं वाचू शकत नाहीत. त्यांतली निवडक त्यांच्यापर्यंत पोचली, बाकीची जाहीर केली गेली. निवेदनं मागवण्यात लोकसहभागाचं समाधान मोठं असतं आणि प्रत्यक्ष परिणाम थोडा. इथेही त्याहून फार वेगळं घडलं असं मला वाटत नाही.

मतपत्रिकेचा मसुदा

एप्रिलच्या २२ आणि २३ तारखेला मतदान झालं. मात्र मतपत्रिका छापून तयार नव्हती. तिचा मसुदा आधी सदस्यांपुढे ठेवला गेला आणि त्यांनी तो तपासला: हा पर्याय आणि तो पर्याय यांत फरक काय, अमुक शब्दाचा कायद्यात परिणाम काय होईल, इथे एक ओळ वाढवायला हवी. कशावर मत द्यायचं हे ठरवणं मत देण्याइतकंच महत्त्वाचं मानलं होतं. आपल्याकडे ठराव वरून टाइप होऊन येतो, सूचक-अनुमोदकांची नावंही आधी घातलेली असतात, आणि सभासदाच्या वाट्याला हात वर करणं तेवढं उरतं. सगळ्यात वाद होण्याजोगी गोष्ट तर ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात सरकवलेली असते.

मतदान पायऱ्या-पायऱ्यांनी झालं. पहिली पायरी: घटनेतलं हे कलम आहे तसंच ठेवायचं का? ८७ टक्के म्हणाले, नाही. दुसरी: मग काढून टाकायचं, की बदलायचं? ५६ टक्के म्हणाले, बदला. तिसरी: बदलून काय करायचं? ५७ टक्क्यांनी सांगितलं, गर्भपाताविषयी कायदा करण्याचा अधिकार स्पष्टपणे संसदेकडे द्या.

यानंतरचा तक्ता खरा बघण्यासारखा. संसदेने कायदा करायचा तर कोणत्या परिस्थितीत गर्भपाताला परवानगी द्यावी? तेरा कारणं ओळीने मांडली होती. आईच्या जिवाला धोका, तब्येतीला धोका, बलात्कार, जन्मानंतर जगू न शकणारा गर्भ, तितकं घातक नसलेलं व्यंग, घरची आर्थिक-सामाजिक परिस्थिती, आणि शेवटी कारण विचारायचंच नाही. प्रत्येक ओळीपुढे: कधीच नाही, बारा आठवड्यांपर्यंत, बावीस आठवड्यांपर्यंत, की मर्यादा नको? ‘मत द्यायचं नाही’ असाही एक रकाना ठेवला होता.

‘तुम्ही बाजूने की विरोधात’ या एका प्रश्नाची अशी तेरा शकलं केल्यावर माणसाला आपल्या तटाशी इमान राखण्याची गरज उरत नाही. बलात्काराच्या ओळीपुढे ८९ टक्क्यांनी परवानगी द्यावी म्हटलं, आर्थिक-सामाजिक परिस्थितीपुढे ७२ टक्क्यांनी, आणि कारण न विचारता परवानगी द्यावी असं ६४ टक्क्यांनी. उतरत जाणारे हे आकडे सांगतात की सदस्य ओळ वाचून मत देत होते. शेवटच्या ओळीतही किती आठवड्यांपर्यंत, यावर एकमत नव्हतं: परवानगी द्यावी म्हणणाऱ्यांपैकी ४८ टक्के बारा आठवडे म्हणाले, ४४ टक्के बावीस, ८ टक्क्यांना मर्यादाच नको होती. तेही तसंच अहवालात लिहिलं गेलं. ‘सर्वानुमते’ म्हणून कुणी त्यावर रंगसफेदी केली नाही.

निकाल ऐकून राजकारणी चकित झाले. ही माणसं जनतेच्या मानाने फारच पुढारलेली निघाली, बाहेर हे टिकणार नाही, असं उघड बोललं गेलं.

अहवाल कुठे गेला

अहवाल धूळ खात पडला नाही, कारण त्याचा पत्ता आधीच ठरलेला होता. सभा नेमणाऱ्या ठरावातच लिहिलं होतं की अहवाल संसदेकडे जाईल आणि संसदेची समिती त्यावर विचार करेल. समितीने २०१७ च्या डिसेंबरात आपला अहवाल दिला. तिने सभेच्या सगळ्या शिफारशी जशाच्या तशा उचलल्या नाहीत, पण कलम हटवा आणि बारा आठवड्यांपर्यंत कारण न विचारता परवानगी द्या, हा गाभा ठेवला. तोवर लिओ वराडकर पंतप्रधान झाले होते. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. त्यांच्या सरकारने सार्वमत जाहीर केलं. मतदानाआधी सविताच्या वडिलांनी बेळगावहून आयरिश मतदारांना आवाहन केलं.

२५ मे २०१८ ला ६६.४ टक्के लोकांनी आठवी दुरुस्ती हटवायच्या बाजूने मत दिलं. देशभरात एकट्या डोनेगलमध्ये बहुमत विरोधात गेलं, तेही थोडक्यात. सभेतल्या शेवटच्या ओळीचे ६४ टक्के आणि देशाचे ६६.४. हे आकडे वेगवेगळ्या प्रश्नांचे आहेत, तेव्हा त्यांची तंतोतंत जुळणी करू नये. तरी ‘बाहेर हे टिकणार नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं.

याचं सगळं श्रेय सभेला देणंही बरोबर नाही. चळवळीतल्या बायका तीन दशकं राबल्या होत्या, चर्चचा वचक धर्मगुरूंच्या अत्याचारांची प्रकरणं उघड झाल्यावर ओसरला होता, आणि सविताचं मरण लोक विसरले नव्हते. सभेने काय केलं, तर राजकारण्यांना पाऊल टाकायला जमीन दिली. नव्याण्णव साधी माणसं कागदांचे गठ्ठे वाचून, डॉक्टरांना उलटतपासून हे म्हणतायत, तर आपणही म्हणू शकतो, एवढा धीर त्यातून आला.

कच्चे दुवे

गर्भपातविरोधी गटांचा आक्षेप होता की तज्ज्ञांची निवड एका बाजूला झुकली होती. सभेच्या बाजूने याला उत्तर असं की कागद, भाषणं, वेळापत्रक सगळं जाहीर होतं, आणि तज्ज्ञ निवडायला सल्लागार गट होता. मला हे उत्तर अर्धंच पटतं. तज्ज्ञ कोण, हे ठरवणारा माणूस सभेचा निम्मा निकाल लिहितो. सदस्यांना स्वतः काही तज्ज्ञ बोलावण्याचा ठोस अधिकार असता तर आक्षेपाची धार पुष्कळ कमी झाली असती.

दुसरा दुवा अधिक लाजिरवाणा होता. २०१८ च्या सुरुवातीला उघड झालं की बदली सदस्यांपैकी सात जण घरोघर फिरून आणलेच नव्हते. भरती करणाऱ्या एका व्यक्तीने ओळखीपाळखीतून फोनवर नावं मिळवली होती. सातही जणांना काढलं. ते जानेवारी २०१८ मध्ये आले होते, म्हणजे गर्भपातावरच्या मतदानाशी त्यांचा संबंध नव्हता. पण दहा महिने आधी असं झालं असतं तर अख्खा अहवाल मातीत गेला असता. पुढच्या काळात आयर्लंडने भरतीची ही रीत बदलून हजारो घरांना थेट निमंत्रणपत्रं पाठवायला सुरुवात केली आणि सदस्यांना थोडं मानधनही देऊ केलं.

आपल्याकडे यातलं काय उचलता येईल, असं संस्थाचालक विचारतात तेव्हा ते बहुधा पैशांचा अंदाज घेत असतात. हॉटेल, थेट प्रक्षेपण, मतचाचणी कंपनी हे परवडणार नाही, खरंच आहे. पण गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावीच लागते. पुनर्विकासासारख्या विषयावर त्या नोटिशीबरोबर ठरावाचा मसुदा आणि त्याचे तीन-चार पर्याय जोडले, विकसकाच्या माणसाला शेवटी बोलायला लावलं आणि त्याआधी सभासदांना आठ-आठच्या घोळक्यात वीस मिनिटं दिली, तर खर्च होतो तो झेरॉक्सचा. अडचण पैशांची नसते. मसुदा आधी दाखवला तर तो बदलावा लागेल, ही भीती असते.

शेवटचा दुवा, म्हणजे शिफारशीपासून सरकारच्या कृतीपर्यंतचा, तुटला तर काय होतं, तेही आयर्लंडनेच दाखवलं. स्त्री-पुरुष समानतेवर तिथे २०२० ते २०२१ मध्ये दुसरी नागरिक सभा झाली. घटनेत ‘घरातल्या स्त्रीचं कर्तव्य’ सांगणारं एक जुनं कलम होतं. ते काढावं आणि घरात व समाजात एकमेकांची काळजी घेणाऱ्यांना मदत करण्यासाठी सरकारने वाजवी उपाय करावेत असं बंधन घालावं, अशी शिफारस तिने केली. संसदेच्या समितीने त्याला धरून घटनेत घालायचा मजकूरही तयार करून दिला. सरकारने शिफारस आणि समितीचा मजकूर, दोन्ही डावलून आपला मजकूर आणला. त्यात सरकार अशा मदतीसाठी ‘झटेल’ एवढंच होतं, आणि तेही कुटुंबापुरतं. सभेच्या शिफारशीच्या बाजूने असलेल्या अनेकांना यात सरकार अंग काढून घेतंय असं दिसलं. प्रचार ढिला होता, लोकांचा गोंधळ होता, पराभवाची कारणं एकाहून जास्त आहेत. पण ८ मार्च २०२४ ला, पुन्हा वराडकरच पंतप्रधान असताना, काळजीविषयीची ही दुरुस्ती ७३.९ टक्के मतदारांनी फेटाळली. आयर्लंडच्या सार्वमतांच्या इतिहासात ‘नाही’च्या बाजूने पडलेली एवढी मोठी टक्केवारी दुसरी नाही.